काशीगावातून तिम्याचा विकास

मी बर्फ पाहिलाय तो मासळीवालीच्या टोपलीत आणि फ्रीजमध्ये. स्केट्स घालून उभं राहायला सांगितलंत तर जवळचा दवाखाना आधी विचारून ठेवीन. तरीही नऊ वर्षं मी आइस हॉकी खेळणाऱ्या परदेशी पोरांचं भवितव्य सांगायचं काम केलं, तेही मीरा रोडजवळच्या काशीगावातल्या एका औद्योगिक गाळ्यात बसून. खालच्या मजल्यावर स्टीलच्या डब्यांना पॉलिश करायचा कारखाना होता. यंदा निवृत्त झाले. आमच्या सोसायटीत अजून सगळ्यांना वाटतं की शैलाताई कॉल सेंटरला होत्या.

त्याआधी मी काळबादेवीत एका कापड कंपनीत स्टेनो होते. कंपनी बंद पडली, दादरची खोली विकून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो आणि पन्नाशीच्या आसपास मी पुन्हा अर्ज करायला लागले. जिग्नेशभाईंनी मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले. "शैलाबेन, टायपिंग फास्ट है?" मी म्हटलं, आहे. "हॉकी समझती हो?" मी म्हटलं, ध्यानचंदांचं नाव ऐकलंय. ते म्हणाले, "वो दूसरी हॉकी. कोई बात नहीं, इधर किसी को नहीं समझती."

हे खरं होतं. आमचं काम असं की परदेशातल्या सामन्यांचं रेकॉर्डिंग यायचं, ते थांबवत थांबवत पाहायचं आणि रबराची काळी चकती, म्हणजे पक, कुठल्या खेळाडूच्या काठीला लागली, त्याने ती कुणाला दिली, कुठे घालवली, हे सगळं कीबोर्डवर नोंदायचं. प्रत्येक गोष्टीला एक बटण. पास चांगला, पास वाईट, धडक मारली, धडक खाल्ली. एका सामन्यात हजाराच्या वर नोंदी. चेहरे हेल्मेटात, कॅमेरा लांब, तेव्हा माणूस ओळखायचा तो पाठीवरच्या आकड्यावरून. आमचा एसी वर्षातले आठ महिने बिघडलेला असे. घाम पुसत पुसत आम्ही बर्फ बघायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कॅनडातला एक बाप आपल्या चौदा वर्षांच्या मुलाचे सगळे सामने आमच्याकडून नोंदवून घ्यायचा आणि दर आठवड्याला लांबलचक ईमेल लिहायचा, की अमुक मिनिटाला तुम्ही जी चूक नोंदवली आहे ती चूक नसून कल्पकता आहे. शेवटी जिग्नेशभाईंनी त्याच्यासाठी 'कल्पकता' असं एक नवं बटणच बसवून दिलं. बाप खूश झाला. मुलाने वर्षभरात हॉकी सोडून गिटार धरलं.

पण मला सांगायचंय ते तिमोफेई झाब्लिनबद्दल. त्याला आम्ही तिम्या म्हणायचो. हे नाव हरेशने पाडलं.

हरेश पाटील माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मूळचा इथल्याच मोरवा गावचा. पस्तिशीतला, दोन मुलांचा बाप. त्याच्या आजोबांचं आयुष्य मिठागरावर गेलं, वडिलांचं भातशेतीत, आणि हरेश परदेशी पोरांच्या धडका मोजत होता. तो फार बोलत नसे, पण त्याची नजर अशी होती की आम्ही दहा वेळा मागेपुढे करून जे शोधायचो ते त्याला एका फेरीत दिसायचं.

तिम्या पहिल्यांदा आमच्या पडद्यावर आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. रशियातल्या उरल पर्वताच्या पलीकडच्या एका शहराच्या पोरांच्या संघात तो बचावपटू होता. बचावपटू म्हणजे गोलकीच्या पुढे उभा राहून समोरच्यांना अडवणारा. बहुतेक बचावपटू पक हाती आला की विंचू आल्यासारखा लांब फेकतात. हा पोरगा तो घेऊन निघायचा. स्वतःच्या गोलापासून दुसऱ्याच्या गोलापर्यंत, माणसांच्या मधून, घाई न करता. कधी फसायचा, बऱ्याचदा जमायचं. मी त्याचा पहिला सामना नोंदवला तेव्हा दोनदा बटण दाबायचं विसरून नुसती बघत बसले होते.

अठराव्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका मोठ्या क्लबाने त्याला 'ड्राफ्ट' केलं. हा प्रकार मीरा-भाईंदरच्या माणसाला समजावायला सोपा आहे. सगळे क्लब रांगेत बसून एकेका पोराचं नाव घेतात. नाव घेतलं की तो त्या क्लबाचा. पण खेळायला लगेच बोलावतील असं नाही. बुकिंग झालं, ताबा कधी मिळेल ते विचारू नका. पोरगा आपल्या देशात खेळत राहतो आणि क्लब लांबून बघत राहतो, की पिकतोय का नुसताच वाढतोय.

हे लांबून बघायचं काम त्या क्लबाने आम्हाला दिलं. त्यांचा माणूस ब्रायन. त्याचं पद 'खेळाडू विकास संचालक' असं होतं. दर तीन महिन्यांनी तो व्हिडिओ कॉलवर यायचा. बोलायला सज्जन. मुंबईत बर्फ पडतो का, असं त्याने मला दोन वेळा विचारलं, आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकून त्याला तितकंच आश्चर्य वाटलं. त्याला हवी होती 'डेव्हलपमेंट टाइमलाइन'. एका पानावर पोराची वर्षं, प्रत्येक वर्षाखाली चौकटी आणि सगळ्यात वर एक मोठा बाण. बाण हिरवा आणि वर म्हणजे विकास चालू. पिवळा आणि आडवा म्हणजे थांबा. लाल आणि खाली म्हणजे काय ते तुम्हाला कळलं.

ही टाइमलाइन बनवायला मला बढती मिळाली. आता मी सामने बघायचे नाहीत, ते बाकीच्यांनी बघायचे. मी फक्त आकडे घ्यायचे आणि चौकटी भरायच्या. चौकटींमध्ये 'चारित्र्य, दहापैकी' अशीही एक होती. काशीगावातून, एका रशियन पोराचं चारित्र्य, दहापैकी. मी सात दिले. माझ्या स्वतःच्या मुलाला मी सहाच दिले असते, तेव्हा सात म्हणजे पुष्कळ झाले. ब्रायनने कळवलं की सात हा आकडा त्यांच्या समितीला फार अचूक वाटला.

पहिली दोन वर्षं बाण हिरवा. विसाव्या वर्षी तिम्या पोरांच्या संघातून मोठ्यांच्या संघात गेला आणि त्याचे आकडे कोसळले. पास वाईट, पक घालवला, मागे राहिला, पुन्हा पक घालवला. मी तीन महिने वाट पाहिली, मग अहवालात एक वाक्य लिहिलं: 'विकास थांबला आहे.' बाण लाल केला. मला ते वाक्य आवडलं होतं. छोटं, ठाम. ब्रायनने उत्तर पाठवलं की इतकं स्पष्ट निदान आजवर कुणी दिलं नव्हतं, येत्या बैठकीत ते झाब्लिनवरचा आपला हक्क दुसऱ्या एका क्लबाला देऊन टाकतील. जिग्नेशभाईंनी मला सगळ्यांसमोर एक कॉफीचा मग दिला. त्यावर माझं नाव 'शीला' असं छापलं होतं.

त्या काळात हरेश रजेवर होता. बहिणीचं लग्न होतं आणि त्यांच्याकडे हळदच दोन दिवस चालते. परत आल्यावर त्याला तिम्याच्या संघाचा एक सामना नोंदवायला मिळाला. अर्ध्या तासाने त्याने हेडफोन काढून ठेवला.

"मॅडम, जरा बघा. ह्यो तिम्या न्हाय."

मी माझ्या चौकटींत होते. म्हटलं, "आकडा बघ ना. चव्वेचाळीस. झाब्लिन."

"आकडा हाय चव्वेचाळीस. मानूस तो न्हाय. तिम्या वाकून जातो, मिठागराच्या बांधावरून चालल्यासारखा. पाय सरकंल म्हनून गुडघं मऊ ठेवून. ह्यो बघा कसा ताठ जातोय, लग्नात मिरवल्यासारखा."

मी उठून त्याच्या मागे उभी राहिले. चव्वेचाळीस नंबरचा माणूस पक घेऊन वळला, अडखळला आणि पक थेट समोरच्या संघाच्या काठीवर देऊन मोकळा झाला. मग पंचाशी भांडला. त्या क्षणी हेल्मेटाखालून त्याची दाढी दिसली. पिकलेली होती.

खुलासा व्हायला दहा मिनिटं लागली. मोठ्यांच्या संघात आणखी एक झाब्लिन होता. तारास झाब्लिन, चौतीस वर्षांचा, आमच्या तिम्याचा आडनावबंधू. सामन्याच्या यादीत नावं येतात ती आद्याक्षर आणि आडनाव अशी. टी. झाब्लिन. मोसमाआधीच्या सराव सामन्यांत तिम्याचा अंगठा दुखावलेला होता, तो खेळतच नव्हता. यादीत एकच टी. झाब्लिन दिसला आणि त्याचा चव्वेचाळीस नंबर तिम्याच्या नावाला जोडला गेला. पुढे तिम्या बरा होऊन चौऱ्याहत्तर नंबर घालून खेळायला लागला, पण आमच्या यंत्राच्या लेखी तिम्या आधीच मैदानात होता, म्हणून ह्याची नोंद 'अनोळखी खेळाडू' अशी झाली. मी अनोळखी खेळाडूचे आकडे काढून बघितले. उत्तम होते. तीन महिने एक अनोळखी पोरगा झकास खेळत होता आणि हा कोण, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

ती जोडणी कुणी केली, हेही यंत्रात नोंदलेलं असतं. मी केली होती.

मी जिग्नेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. ते ढोकळा खात होते. सगळं ऐकून त्यांनी डबा बंद केला.

"शैलाबेन, क्लायंट खुश है ना?"

"खूश आहे म्हणूनच तर त्या मुलाला काढतायत."

"करार में चूक का कलम है. एक चूक माफ. ये तो अकरा सामने आहेत. त्यांनी काम काढून घेतलं तर वीस लोक घरी बसतील. तुम्ही पण, तो हरेश पण." ते असंच बोलत, हिंदीत निघून मराठीत उतरत. मग त्यांना तोडगा सुचला. "ऐसा करो. जोडणी चुपचाप सुधार दो. अगले रिपोर्ट में थोडा इम्प्रूव्हमेंट दिखाओ, उसके बाद और थोडा. सहा महिन्यांत लडके का विकास पूरा. कोणाला काही कळणार नाही."

"सहा महिन्यांनी तो त्यांच्याकडे नसेल. बैठक शुक्रवारी आहे."

"बेन, रशियात कोण बघायला जातंय?"

मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. वीस माणसांची काळजी खरी होती. पगार एकदाही उशिरा झाला नव्हता. त्यांच्यापुढे मीच अवघडले, कारण घोटाळा माझा होता आणि निस्तरायची वेळ आल्यावर मी धोका सगळ्यांच्या अंगावर घालत होते.

बाहेर येऊन मी हरेशला विचारलं, "हे कळवलं आणि काम गेलं तर तुझं काय रे?"

तो म्हणाला, "आमची मिठागरं गेली, शेती गेली. दर येळंला वाटलं आता काय. ही तं खुर्ची हाय." मग म्हणाला, "पन बायकोला मी सांगंन. तुम्ही फोन करू नका."

सोमवार ते गुरुवार आम्ही दोघांनी ते अकरा सामने पुन्हा पाहिले. हरेश तारासला त्याच्या जागी बसवत होता आणि मी दोन वर्षांनी पहिल्यांदा तिम्याला बघत होते. तो उंच झाला होता, खांदे भरले होते. पहिल्या आठ सामन्यांत तोच होता, माणसांच्या मधून वाट काढत जाणारा. एकदा तर त्याने त्यांच्या देशाच्या संघातल्या माणसाला असा चकवला की हरेशने खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी शिट्टी वाजवली.

नवव्या सामन्यापासून काहीतरी बदललं. पक आला की तिम्या तो लगेच मैदानाभोवतीच्या काचेवर आपटून आपल्या भागाबाहेर काढून टाकायचा. समोर मोकळी जागा असली तरी. दहाव्यात तेच, अकराव्यातही तेच. एकदा तो निघाला, दोन पावलं गेला आणि थांबला, आठवण झाल्यासारखा.

मला कळेना. मग ब्रायनच्या जुन्या ईमेल काढल्या. त्यात होतं, मी वाचून विसरले होते: तुमच्या आकड्यांच्या आधारे आम्ही झाब्लिनशी बोललो. त्याला सांगितलं की तुझ्या हातून पक फार जातो, साधं खेळ, पुढे जाऊ नकोस. खेळाडूने सल्ला मनावर घेतला आहे.

तारीख आठव्या सामन्यानंतरची होती.

म्हणजे तारासच्या चुकांबद्दल तिम्याला बोलणी बसली होती आणि पोरगा बिचारा सुधारला होता. 'विकास थांबला आहे' हे माझं वाक्य मी लिहिलं तेव्हा खोटं होतं, मग आम्ही ते खरं करून दाखवलं. मी हरेशला म्हटलं, चहा घेऊन येते, आणि खाली जाऊन त्या पॉलिशच्या घरघराटात थोडा वेळ उभी राहिले. तिथे कुणाला काही ऐकू येत नाही.

गुरुवारी दुपारी मी ब्रायनला लिहिलं. सगळं लिहिलं: दोन झाब्लिन, माझी जोडणी, अकरा सामने, नवे आकडे. शेवटी लिहिलं की तुम्ही त्या मुलाला दिलेला सल्ला दुसऱ्याच माणसासाठी होता, तेव्हा कृपया त्याला कळवा. पाठवण्याआधी मी जिग्नेशभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "कंपनी का नाम नीचे छोटा लिखना."

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. वीस माणसं आपापली कामं सोडून माझ्या खुर्चीमागे उभी होती.

ब्रायनने माझ्या बारकाईचे आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं की खरं सांगायचं तर समितीतले लोक आकड्यांच्या पानांपर्यंत जात नाहीत, ते पहिल्या पानावरचा बाण बघतात. बाण लाल होता म्हणून खेळाडू जाणार होता. तेव्हा बैठकीच्या आत नवा बाण मिळू शकेल का? हिरवा चालेल. वर असावा, पण एकदम फार वर नको, नाहीतर लोक विचारतील. करारातल्या त्या चुकांच्या कलमाबद्दल एक शब्द नाही. मुलाला कळवण्याबद्दलही नाही.

मी बाण हिरवा केला आणि थोडा तिरका ठेवला. तिमोफेई झाब्लिन त्या क्लबातच राहिला.

जिग्नेशभाई तासाभरात माणसात आले. महिन्याभरात कंपनीच्या माहितीपत्रकात एक नवी ओळ आली, की आम्ही आमच्या चुका स्वतः शोधतो. नवीन गिऱ्हाइकांना ते ही गोष्ट सांगत, आणि प्रत्येक वेळी तिच्यात चूक यंत्राची असे आणि धाडस त्यांचं. ढोकळा मात्र ते त्यानंतर मला आणि हरेशला आधी विचारून मग खायला लागले. माझ्याकडून टाइमलाइन काढून घेतली नाही. मीच परत केली आणि पुन्हा सामने बघायला बसले. पगार तोच राहिला, फक्त पद उतरलं. घरी सांगितलं नाही.

मुलाला कळवा, हे मी ब्रायनला पुढच्या कॉलवर पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, हो, नक्की, ते प्रक्रियेत आहे. त्यानंतर तिम्या आमच्याकडून सुटला, कारण त्याच्या संघाचे सामने नोंदवायचं काम दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या दुसऱ्या गाळ्यात गेलं. दीड वर्ष मला त्याचं काही दिसलं नाही. त्याला कुणी सांगितलं की नाही, तो अजून पक काचेवर आपटतोय का, हे विचारायला माझ्याकडे माणूस नव्हता. रशियन येत नाही, आणि आलं असतं तरी काय लिहिणार होते? की बाळा, मी भाईंदरहून शैलाताई, माझ्यामुळे तू घाबरून खेळतोयस?

मग माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात हरेश म्हणाला, "मॅडम, उद्याच्या यादीत नाव बघा." समुद्रापलीकडच्या त्या क्लबाने तिम्याला बोलावलं होतं. त्याचा तिकडचा पहिला सामना होता. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे तो सामना चालू असतानाच नोंदवायचा होता, थांबवून मागे जायची सोय नाही. हरेशने तो माझ्या नावावर टाकला आणि स्वतः खुर्ची ओढून बाजूला बसला.

तिम्या हेल्मेटाशिवाय आत आला तेव्हा मी त्याचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. कान मोठे होते. समालोचकाने त्याचं आडनाव तीन तऱ्हांनी उच्चारलं. पहिल्या दोन पाळ्यांत तो चुपचाप खेळला. ह्या खेळात माणूस पाऊण मिनिट बर्फावर असतो, मग बाकावर जाऊन बसतो आणि दुसरा येतो. दोन्ही वेळा पक त्याच्याकडे आला आणि दोन्ही वेळा त्याने काचेवर आपटून बाहेर काढला. मी 'चांगली' अशी नोंद केली, कारण नियमाप्रमाणे ती चांगलीच होती.

तिसऱ्या पाळीला तो पक घेऊन निघाला. गुडघे मऊ, पाठ वाकलेली. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि मधल्या रेषेवर तिसऱ्याने त्याच्या काठीवरून पक अलगद उचलून नेला. सहा सेकंदांत गोल झाला. सगळं मैदान ओरडत होतं. कॅमेरा तिम्याच्या तोंडावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"मॅडम," हरेश हळूच म्हणाला, "ही राहू द्या की. पयली मॅच हाय त्याची."

"नाही रे," मी म्हटलं. पक घालवला, गोल झाला, दोन्ही बटणं दाबली आणि ह्या वेळी नाव दोनदा तपासलं.

तो बाकावर जाऊन बसला. प्रशिक्षक त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. सामना पुढे चालला, माझी बोटं चालली, पण डोळे बाकाकडे जात होते. मला वाटलं, आता नाही सोडणार त्याला आत. चार-पाच मिनिटांनी सोडलं. त्याच्याच संघाचा दुसरा बचावपटू गोलामागे पक घेऊन उभा होता, कुणाला द्यावा बघत. तिम्या मोकळ्या जागेत सरकला, हात लांब केला आणि काठी बर्फावर दोनदा आपटली. त्या खेळात ह्याचा अर्थ, मला दे.

त्याने दिला. तिम्या घेऊन निघाला.